थांबण्याची किंमत

दृश्य ४७. बाहेर. वाड्याचं अंगण. संध्याकाळ. आजी तुळशीपुढे दिवा लावते आहे. दाराशी गाडी थांबल्याचा आवाज. थोरला मुलगा आत येतो, त्याच्या मागे त्याची सहा वर्षांची मुलगी. आजी वळून बघते. पाऊस सुरू होतो.

असं दृश्य कुठल्याही मराठी पटकथेत सापडेल. लेखकाला ते लिहायला पाच मिनिटं लागली असतील, आणि वाचताना एखाद्याच्या डोळ्यांत टचकन पाणीही येईल. पण चित्रीकरणाचं वेळापत्रक बांधणारा माणूस, म्हणजे युनिटच्या भाषेत फर्स्ट एडी, हे दृश्य हातात घेतो तेव्हा त्याला त्यात आजी दिसत नाही. त्याला दिसतो पाण्याचा टँकर.

‘संध्याकाळ’ हा एक शब्द त्याचा निम्मा दिवस खातो. सूर्य मावळल्यावर आकाशात कामाचा उजेड उरतो तो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात दिवा, गाडी, मुलगा, नात आणि पाऊस बसवायचा म्हटलं तर फार तर दोन-तीन शॉट हाती लागतात. म्हणजे दोन संध्याकाळी लागणार, आणि दोन्ही संध्याकाळी आकाश सारखं दिसायला हवं. पाऊस पाडायचा तर टँकर, पाइप आणि ते हाताळणारी माणसं आली. आजी भिजणार, म्हणून एकसारखी तीन-चार लुगडी आली, कारण रीटेकला ती पुन्हा कोरडीच उभी राहायला हवी. दिव्यातलं तेल प्रत्येक शॉटला तेवढंच दिसलं पाहिजे. मुलगी सहा वर्षांची आहे. बालमजुरीविषयीच्या २०१७च्या सुधारित नियमांनुसार तिच्याकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, शिवाय जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिला सकाळी नऊला बोलावून संध्याकाळच्या शॉटसाठी बसवून ठेवणं शक्यच नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: अंगण एकदा भिजलं की दोन दिवस ते कोरडं दिसणार नाही. म्हणून त्या अंगणातली कोरडी दृश्यं, मग ती कथेत आधीची असोत की नंतरची, सगळी या पावसाच्या अगोदर उरकायची.

या कामाला ब्रेकडाउन म्हणतात. त्यात पटकथेच्या प्रत्येक पानाचे आठ भाग धरतात. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा हॉलिवूडने रूढ केलेला ठोकताळा आहे. आपलं दृश्य ४७ भरतं तीन अष्टमांश पान. पाव पान असेल तरी ‘दोन अष्टमांश’ असंच लिहितात, कारण दिवसाअखेर सगळ्याची बेरीज मारायची असते आणि दमलेल्या माणसाच्या बेरजा चुकतात. अर्थात ही मोजणी फसवीही आहे. स्वयंपाकघरात दोघी जणी बोलत बसल्या असतील तर चार पानं एका दिवसात निघतात. ‘गावाला आग लागते’ हे एक अष्टमांश पान चार रात्री घेतं.

ब्रेकडाउन झालं की प्रत्येक दृश्याची एक पट्टी होते. पूर्वी या पट्ट्या पुठ्ठ्याच्या असत आणि लांबलचक फळीवर ओळीने खोचत. दिवसा आतली दृश्यं पांढरी, दिवसा बाहेरची पिवळी, रात्री आतली निळी, रात्री बाहेरची हिरवी. जिथे एक दिवस संपतो तिथे काळी पट्टी. आता हे सगळं संगणकावर होतं, पण मूव्ही मॅजिकसारख्या सॉफ्टवेअरनेही रंग तेच ठेवले आहेत. फळीकडे लांबून पाहिलं तरी कळतं, की सलग हिरव्या पट्ट्यांचा पट्टा म्हणजे युनिट आठवडाभर रात्रीचं जागणार.

व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून प्रकल्प-नियोजनाचा जो इतिहास सांगतात तो गँटच्या आलेखापासून सुरू होतो आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीला शिखरावर पोचतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीसाठी जेम्स केली आणि मॉर्गन वॉकर यांनी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत मांडली. त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ जन्माला आली. दोन्हींचा पाया एकच: कुठलं काम कुठल्या कामावर अवलंबून आहे ते मांडा, त्यातली सगळ्यांत लांब साखळी शोधा, आणि तिच्यावर नजर ठेवा. पाया भरल्याशिवाय भिंत उभी राहत नाही, भिंतीशिवाय छप्पर नाही.

चित्रपटात ही साखळी बहुतांशी नसतेच. नायकाचं सरण त्याच्या बारशाच्या आधी पेटवता येतं. भिजलेलं अंगण, वाढवलेली दाढी, जाळून टाकलेलं घर असे काही अपवाद सोडले तर कुठलंही दृश्य कधीही घ्या, कॅमेऱ्याची हरकत नसते. हरकत असते ती नटाच्या तारखांची, वाड्याच्या मालकाची, उजेडाची आणि पैशाची. म्हणून ड्यूपाँच्या कारखान्यातली पद्धत जशीच्या तशी सेटवर आणली तर फारसं काही हाती लागत नाही. इथे प्रश्न असतो तो कोण कोणासाठी थांबणार आणि त्या थांबण्याचं भाडं किती, हा. चित्रपटाचं सगळं नियोजन मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतं. ज्या चित्रपटांनी या प्रश्नाचं उत्तर आधी शोधून ठेवलं ते तरले. ज्यांनी ते दैवावर सोडलं त्यांतलेही काही तरले, पण त्यांची गोष्ट निराळी आहे.

थांबणं स्वस्त होतं असाही एक काळ होता. अमेरिकेत थॉमस इन्स या निर्मात्याने १९१०च्या दशकात सांता मोनिकाजवळच्या डोंगरात स्वतःचं चित्रपटगाव वसवलं. लोक त्याला इन्सव्हिल म्हणत. चित्रीकरणाआधी दृश्यागणिक तपशीलवार पटकथा तयार करायची, दिग्दर्शकाने ती घेऊन जायचं आणि खर्चाचा हिशोब निर्मात्याच्या कचेरीत राहायचा, ही घडी बसवण्यात त्याचा मोठा वाटा होता. आपल्याकडे तेच चित्र प्रभातमध्ये दिसलं. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३मध्ये पुण्याला आली, आणि तिने नटांपासून सुतारांपर्यंत सगळ्यांना महिन्याच्या पगारावर ठेवलं. स्टुडिओ स्वतःचा, प्रयोगशाळा स्वतःची, आवारात तळंसुद्धा स्वतःचं. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि ते तळं अजून शांतारामबापूंच्या नावाने ओळखलं जातं. अशा ठिकाणी आज एखादा शॉट जमला नाही तर उद्या घेता येतो. नट उद्याही तिथेच आहे, सेट उभाच आहे, आणि पगार तर कसाही द्यायचाच आहे. ‘संत तुकाराम’मधल्या निवांतपणामागे दामले-फत्तेलाल यांची दृष्टी आहे हे खरंच, पण तो निवांतपणा परवडेल अशी व्यवस्थाही त्यांच्या पाठीशी होती.

स्टुडिओ मोडले, नट स्वतंत्र झाले, आणि ‘डेट’ नावाची नवी वस्तू बाजारात आली. सत्तरच्या दशकातल्या मुंबईत एकेक नट दिवसाला दोन-तीन शिफ्ट करायचा. सकाळी एका स्टुडिओत पोलीस, दुपारी दुसरीकडे वकील. शशी कपूर इतक्या सेटवर धावत असत, की थोरले बंधू राज कपूर त्यांना टॅक्सी म्हणत. या व्यवस्थेत वेळापत्रक नावाचं काही नव्हतं असं म्हणतात ते खरं नाही. वेळापत्रक होतं, फक्त ते चित्रपटाचं नसून नटाचं होतं, आणि त्याच्या सेक्रेटरीच्या डायरीत असायचं. नट येईपर्यंत उरलेलं युनिट चहा पीत बसे. त्या चहाचं बिल निर्माता भरायचा आणि व्याज फायनान्सर खायचा.

सत्यजित राय यांच्याकडे ना स्टुडिओ होता, ना फायनान्सर. ते जाहिरात कंपनीत नोकरी करत होते आणि ‘पथेर पांचाली’चं चित्रीकरण सुट्टीच्या दिवशी करायचं असं ठरलं. २७ ऑक्टोबर १९५२ रोजी काशफुलांच्या शेतात अपू आणि दुर्गाचं दृश्य घ्यायला सुरुवात झाली. अर्धं झालं. पुढच्या रविवारी सगळे परत गेले तर शेतात फुलंच नव्हती. मधल्या दिवसांत गुरांनी ती फस्त केली होती. काश फुलतो वर्षातून एकदा, शरद ऋतूत. राय यांनी पुढल्या वर्षापर्यंत वाट पाहिली.

हा किस्सा चिकाटीचं उदाहरण म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. ते थांबू शकले कारण थांबण्याचं रोजचं भाडं जवळजवळ शून्य होतं. पगारी युनिट नव्हतं, भाड्याचा सेट नव्हता. पण दुसरं एक भाडं गुपचूप चढत होतं, आणि ते पैशात नव्हतं. पैशाअभावी काम पुनःपुन्हा बंद पडत चित्रपटाला जवळजवळ तीन वर्षं लागली. त्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा एकदम मोठी दिसायला लागली नाही आणि इंदिर ठाकरुणचं काम करणाऱ्या वृद्ध चुनीबाला देवी हयात राहिल्या, हे तीन चमत्कार आहेत असं राय स्वतः म्हणत. सगळंच वाचलं असं नाही. मिठाईवाल्याचं काम करणारा माणूस मध्येच वारला. मग त्याच बांध्याचा दुसरा माणूस शोधून त्याला पाठमोरा चालवला. कुत्राही बदलावा लागला. चित्रपट पाहताना हे कळत नाही, कळू नये अशीच ती करामत आहे. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले, आणि नावात ‘रस्ता’ असल्यामुळे ती रक्कम रस्तेबांधणीच्या खात्यावर टाकली गेली. सरकारी कारकुनाने जागतिक चित्रपटाला केलेली ही मदत कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या निधी-नियोजनात बसत नाही.

उलटं टोक पाहायचं तर १९७४च्या उन्हाळ्यातलं मार्थाज व्हिनयार्ड हे अमेरिकेतलं बेट. स्टीव्हन स्पीलबर्ग नावाचा सत्ताविशीतला दिग्दर्शक ‘जॉज’ करायला तिथे उतरला तेव्हा ठरले होते ५५ दिवस. लागले १५९. अंदाजपत्रक सुमारे ४० लाख डॉलरचं होतं, खर्च ९० लाखांच्या घरात गेला. या गोंधळाचं खापर नेहमी यांत्रिक शार्कवर फोडतात. तो बिचारा निमित्त होता. खरी अडचण दिवस ठरवतानाच झाली होती. जूनअखेर नटांच्या संघटनेचा करार संपत होता आणि संपाची भीती होती, म्हणून स्टुडिओला त्याआधी काम उरकायचं होतं. पटकथा पुरी नव्हती. शार्क तयार होत होते. सगळंच एकदम सुरू झालं.

त्यातही स्पीलबर्गने स्टुडिओच्या टाकीत शूट करायला नकार दिला. त्याला खरा समुद्र हवा होता. माझ्या मते तो बरोबर होता, कारण टाकीतलं पाणी टाकीतलंच दिसतं. पण खरा समुद्र हवा असेल तर त्याचं भाडं आधी मोजायला हवं. यांत्रिक शार्कची समुद्रातली पुरेशी चाचणीच झाली नव्हती. खाऱ्या पाण्यात उतरवल्यावर त्यांचे नळ आणि यंत्रणा गंजायला लागल्या, आणि एक शार्क तर सरळ तळाला गेला. चौकटीत क्षितिज रिकामं हवं, म्हणजे तिघे नायक एकटे पडल्यासारखे वाटतील. तर उन्हाळी पर्यटकांच्या शिडाच्या होड्या मागून निवांत जात. त्या निघून जाईपर्यंत थांबायचं. तोवर ऊन बदलायचं. ऊन जुळेपर्यंत शार्क बिघडायचा. नटांच्या बोटीलाही एकदा जलसमाधी मिळाली, कॅमेऱ्यासकट. समुद्रावर रोज शंभरेक माणसं अशा एका यंत्रासाठी ताटकळत होती, ज्याला पर्यायच ठेवलेला नव्हता.

फर्स्ट एडी मंडळी ज्याला ‘कव्हर सेट’ म्हणतात तो इथे नव्हता. बाहेर पाऊस आला तर आत घेता येईल असं एखादं दृश्य राखून ठेवायचं, सगळी आतली दृश्यं सुरुवातीलाच संपवून हात मोकळे करायचे नाहीत, हा या धंद्यातला जुना शहाणपणा. नवखा निर्माता सोपं काम आधी उरकतो, कारण पहिल्या आठवड्याचा अहवाल छान दिसतो. मग तिसऱ्या आठवड्यात अवकाळी पाऊस येतो आणि संपूर्ण युनिट मंगल कार्यालयाच्या ओसरीवर पत्ते खेळत बसतं. ‘जॉज’ला शेवटी कव्हर सेट मिळाला तो लेखणीतून. शार्क चालत नाही तर तो दाखवायचाच नाही. पाण्यावर तरंगणारी पिवळी पिंपं दाखवायची, म्हणजे खाली तो आहे हे कळतं. सिनेमा गाजला तो बराचसा या न दिसणाऱ्या शार्कमुळे. पण यावरून ‘गोंधळातूनच कला जन्मते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी पुढची गोष्ट ऐकावी.

मायकेल चिमिनोला ‘द डिअर हंटर’साठी ऑस्कर मिळालं त्याच सुमारास, एप्रिल १९७९मध्ये, त्याने मोंटाना राज्यात ‘हेवन्स गेट’ सुरू केला. अंदाजपत्रक १ कोटी १६ लाख डॉलर. पहिल्या सहा दिवसांत काम पाच दिवस मागे पडलं. हवा तसा ढग येईपर्यंत कॅमेरा थांबे. उभा केलेला रस्ता सहा फूट जास्त रुंद हवा होता म्हणून दोन्ही बाजूंच्या इमारती पाडायला लावल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. एकच बाजू पाडून सहा फूट मागे घेतली असती तरी चाललं असतं, असं कुणीतरी सुचवलं म्हणतात. खर्च अखेर साडेचार कोटींच्या आसपास पोचला, चित्रपट नोव्हेंबर १९८०मध्ये न्यूयॉर्कला लागला, आठवड्याभरात मागे घेतला गेला, आणि दुसऱ्याच वर्षी युनायटेड आर्टिस्ट्स ही चॅप्लिन-ग्रिफिथ यांनी स्थापलेली कंपनी विकली गेली.

चिमिनोच्या हट्टावर पुष्कळ लिहिलं गेलं. हट्टी दिग्दर्शक काही जगात एकटा तोच नव्हता. मला जास्त बोलकं वाटतं ते करारातलं एक कलम. १९७९च्या नाताळाला चित्रपट लागावा म्हणून जो खर्च होईल तो अंदाजपत्रकाबाहेरचा धरू नये, अशी मुभा कंपनीनेच दिली होती. म्हणजे उशीर झाला की तो भरून काढण्यासाठी पैसे ओतायचे, आणि ओतलेले पैसे उधळपट्टीत मोजायचे नाहीत. थांबणाऱ्याला थांबण्याचं भाडंच लागू नये अशी सोय करून ठेवल्यावर ढगाची वाट कोण पाहणार नाही?

हा धोका ओळखून एक अख्खा व्यवसायच उभा राहिलेला आहे. लंडनमध्ये १९५०मध्ये रॉबर्ट गॅरेट यांच्या पुढाकाराने फिल्म फायनान्सेस ही कंपनी सुरू झाली. ती चित्रपटात पैसे घालत नाही; चित्रपट ठरल्या वेळी, ठरल्या पैशात पुरा होईल याची हमी बँकेला देते. त्याबदल्यात तिला पटकथा, वेळापत्रक, अंदाजपत्रक सगळं आधी दाखवावं लागतं, आणि सुरू झाल्यावर रोजचा अहवाल जातो: किती वाजता पहिला शॉट झाला, किती अष्टमांश निघाले, किती राहिले, जेवणाची सुट्टी कधी झाली. गाडी रुळावरून घसरली तर हमीदार कंपनी निर्मितीचा ताबा घेऊ शकते. पहिला बाँडपट ‘डॉक्टर नो’ याच हमीवर झाला.

आपल्याकडे चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा झाली ती १९९८ साली. त्याआधी बँका दारातही उभं करत नव्हत्या, त्यामुळे त्यांना दाखवायच्या कागदांचीही गरज पडत नव्हती. या पार्श्वभूमीवर ‘लगान’कडे पाहिलं पाहिजे.

आशुतोष गोवारीकर यांची ही कथा अनेक निर्मात्यांनी नाकारली होती. नाकारणाऱ्यांचं फार चुकलं होतं असं मला वाटत नाही. १८९३ सालचं खेडं, धोतर नेसलेला नायक, परदेशी नट, आणि शेवटी तासाभराहून अधिक काळ चालणारा क्रिकेटचा सामना. त्या काळच्या पद्धतीने, म्हणजे आज चार दिवस, पुढच्या महिन्यात सहा, असं हे चित्र काढायला घेतलं असतं तर ते बहुधा पुरं झालंच नसतं. सामना पाहा. अकरा गावकरी, समोर अकरा इंग्रज, कडेला गर्दी. चौकटीत कोण येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून बहुतेक सगळे रोज मैदानावर हवेत. प्रत्येकाची दाढी, कपड्यांवरची धूळ, कोण कुठे उभा, फलकावर धावा किती, हे दिवसेंदिवस जुळलं पाहिजे. त्यातल्या एकाला मुंबईत दुसऱ्या चित्रपटासाठी चार दिवस जायचं असेल तर बाकीचे एकवीस जण त्याच्यासाठी थांबले.

आमिर खान निर्माता झाला तो काही अटींवर, आणि त्यांतली मोठी अट म्हणजे सगळं चित्रीकरण एका सलग शेड्यूलमध्ये. जानेवारी २०००मध्ये कच्छमध्ये भुजजवळच्या कुनरिया गावाच्या परिसरात काम सुरू झालं आणि जूनपर्यंत चाललं. कला-दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी कथेतलं चंपानेर गाव तिथल्या माळावर आधीच उभं केलं होतं. वेशभूषा आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांची. जानेवारी ते जून हा काळही हिशोबाने निवडलेला: कथा दुष्काळाची, जमीन कोरडी हवी, आणि पावसाळ्याआधी उरकलं पाहिजे. म्हणजे निसर्गानेच शेवटची तारीख ठरवून दिली होती, आणि निसर्गाच्या सेक्रेटरीशी बोलून ती पुढे ढकलता येत नाही.

दुसरा निर्णय होता सिंक साउंडचा, म्हणजे संवाद सेटवरच ध्वनिमुद्रित करायचे, नंतर डबिंग नाही. त्या वेळच्या मुख्य प्रवाहातल्या हिंदी चित्रपटांत हे विरळाच. बाहेरून पाहता हा निव्वळ तांत्रिक निर्णय वाटतो. पण डबिंग हा आपल्या सेटवरच्या सगळ्या बेशिस्तीवरचा उतारा होता. नट संवाद विसरला, नंतर बघू. जनरेटर घरघरला, नंतर बघू. तो उतारा काढून घेतल्यावर नटाला पाठांतर करून यावं लागलं आणि शेकडो माणसांना शॉटच्या वेळी चिडीचूप राहावं लागलं. हे सांभाळायला अधिकार असलेला माणूस लागतो. ‘लगान’ने पाश्चात्त्य धर्तीवर फर्स्ट एडी नेमला, अपूर्व लाखिया, आणि रोजची कॉल शीट काढायला सुरुवात केली: कोणी किती वाजता बसमध्ये बसायचं, मेकअप किती वाजता, पहिला शॉट किती वाजता. ताऱ्याचं नावही त्याच कागदावर, त्याच वेळेसह. निर्माता स्वतःच नायक होता हा योगायोग इथे फार उपयोगी पडला. उशिरा येणाऱ्या नायकाचं भाडं इतर ठिकाणी निर्माता भरतो. इथे दोघांचा खिसा एकच होता.

नियोजन एवढं चोख असूनही अडचणी आल्याच. गोवारीकरांची पाठ धरली, डिस्कचा त्रास, उठणंही अशक्य. शेड्यूल मोडलं असतं तर परदेशी नटांच्या तारखा, कोरडी जमीन, सगळंच हातचं गेलं असतं. मग मैदानावर खाट आणली आणि दिग्दर्शकाने आडव्याने, मॉनिटर समोर ठेवून कितीतरी दिवस काम चालवलं. सामन्याच्या गर्दीसाठी आसपासच्या गावांतून दहा हजारांच्या आसपास माणसं एका दिवसासाठी आणली. ट्रक, बस, पाणी, जेवण, उन्हाचा त्रास झालेल्यांसाठी डॉक्टर: एका शाही लग्नाचा मांडव दिवसभर उन्हात चालवावा तसा तो प्रकार. दुसऱ्या दिवशी ती माणसं पुन्हा येणार नव्हती, म्हणून कुठले शॉट मोठ्या गर्दीशिवाय घेताच येणार नाहीत एवढीच यादी त्या दिवसासाठी ठेवली होती. मध्ये लोक कंटाळले तेव्हा आमिरने माइक घेऊन ‘गुलाम’मधलं आपलं गाजलेलं गाणं म्हटलं, गर्दी पेटली, आणि कॅमेऱ्यांनी ते चेहरे टिपले. ही हकीकत निर्मितीच्या चमूत असलेल्या सत्यजित भटकळ यांच्या पुस्तकात आणि माहितीपटात आली आहे, आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी ती आवर्जून पाहावी.

‘लगान’नंतर फर्स्ट एडी, कॉल शीट, सलग शेड्यूल हे शब्द मुंबईत झपाट्याने रुळले. मराठीत तर बजेटच इतकं तंग असतं, की महिन्या-दीड महिन्यात पॅक-अप करण्याशिवाय गत्यंतर नसतं. कॉल शीट आता रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर येते. पण इथेच त्या भाड्याच्या प्रश्नाला नवी कलाटणी मिळते. तीस दिवसांचं काम पंचवीस दिवसांत बसवायचं असेल तर पट्ट्या हलवून फार काही साधत नाही. प्रत्येक दिवस लांबवावा लागतो. वाडा, कॅमेरा, जनरेटर यांचं भाडं दिवसावर असतं, तासावर नसतं, त्यामुळे बारा तासांचे सोळा झाले की कागदावर बचत दिसते. ती बचत लाइटमन, स्पॉट दादा, मेकअपवाले आणि गाड्यांचे चालक यांच्या झोपेतून आलेली असते. चालक तर सगळ्यांत आधी उठतो आणि सगळ्यांना घरी सोडून शेवटी झोपतो, आणि युनिटमधल्या ऐंशी माणसांचा जीव त्याच्या पापणीवर असतो.

हॉलिवूडमध्ये १९९७ साली ‘प्लेझंटव्हिल’च्या सेटवरचा एक सहायक कॅमेरामन १९ तासांचा दिवस संपवून गाडी चालवत घरी निघाला आणि वाटेत अपघातात गेला. त्यानंतर दिवसाला १४ तासांची मर्यादा घाला म्हणून तिथल्या तंत्रज्ञांनी सह्यांची मोहीम उघडली. नामवंत छायाचित्रणकार हॅस्केल वेक्सलर यांनी या विषयावर २००६मध्ये माहितीपट काढला. चांगला फर्स्ट एडी आजही वेळापत्रक बांधताना आधी एक आकडा लिहितो: आजचं पॅक-अप ते उद्याचा कॉल यांत किती तास. त्याला टर्नअराउंड म्हणतात. दृश्य ४७ची दुसरी संध्याकाळ रात्री नऊला संपली, सामान आवरून गाड्या अकराला निघाल्या, तर सकाळी सहाचा कॉल लावता येत नाही. मग सकाळचं दृश्य दुपारी ढकला, नाहीतर लेखकाला फोन करून विचारा, की त्या सकाळची दुपार केली तर चालेल का. बहुतेक वेळा चालतं.